गिऱ्हा, लावसट आणि अकरा वर्षांचा वाचक

धागा : कोकणातील भुते, मुलांच्या कादंबऱ्या आणि इतिहास

१/
नऊ ते तेरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेली भुताची साहसकादंबरी हा इतिहासाच्या धाग्याचा विषय होऊ शकतो का? माझ्या मते होऊ शकतो. आणि अशा कादंबरीसाठी दापोली तालुक्यातील आंजर्ले या गावाइतके योग्य स्थळ मला दुसरे दिसत नाही. आंजर्ले हे माझे आजोळ. त्यामुळे या धाग्यात ग्रंथांबरोबर घरातील एक गोष्टही येईल. मित्रहो, धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी स्थळ पाहू. जोग नदी समुद्राला मिळते तेथे खाडीच्या उत्तर तीरावर आंजर्ले वसले आहे. खाली नारळी-पोफळीची आगरे आणि वर डोंगरावर उजव्या सोंडेचा ‘कड्यावरचा गणपती’. मूळ देऊळ समुद्रकाठी होते. समुद्र आत सरकू लागला तेव्हा देव स्वतः उठून डोंगरावर गेला आणि जाताना त्याचे पाऊल खडकावर उमटले, असे गावात सांगतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जीर्णोद्धार झालेल्या या देवळाच्या परिसरातून दक्षिणेकडे पाहिले की हर्णैसमोर समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. खाडीवर पूल होण्यापूर्वी पलीकडे जाण्यासाठी तरीवर अवलंबून राहावे लागे. पाण्याने गिळलेले देऊळ, चालत गेलेला देव आणि समुद्रातला किल्ला! कादंबरीकाराला वेगळी कल्पना लढवण्याची गरजच काय?

३/
आता भुते. कोकणच्या भुतांची सर्वांत व्यवस्थित नोंद ‘फोकलोअर ऑफ द कोंकण’ या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सापडते. संपादक आर. ई. एन्थोवेन; पण त्यातील सामग्री गोळा केली होती ए. एम. टी. जॅक्सन या सनदी अधिकाऱ्याने. जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता. त्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडे प्रश्न पाठवले. तुमच्या गावात कोणती भुते आहेत, ती कोठे राहतात, कोणाला धरतात, कशाला भितात? मास्तरांनी उत्तरे लिहून पाठवली. कोकणातील भुतांचा हा दस्तऐवज, म्हणजे, गावच्या शिक्षकांच्या लेखणीतून उतरला आहे.

४/
ग्रंथ छापलेला पाहण्यास जॅक्सन उरला नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तेव्हा तो नाशिकचा कलेक्टर होता. कान्हेरे जन्माने खेड तालुक्यातील आयनीचे, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचेच. वय अवघे अठरा. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्या रात्री नाट्यगृहात देवलांच्या ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचे ते नाटक. हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

५/
ग्रंथातील यादी मोठी आहे : वेताळ, ब्रह्मग्रह, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, चेटक, झोटिंग, वीर, चेडा, आणि स्त्रियांमध्ये जखीण, लावसट, हडळ. यांतील काहींची ओळख करून घेऊ. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी मुलगा गेला, तर तो मुंजा, वस्ती पिंपळावर. मागे कोणी वारस नाही, क्रियाकर्म झाले नाही, जीव इस्टेटीत अडकला, तर समंध. पाण्यात बुडून मेला, तर गिऱ्हा. तो रात्री पाण्याकाठच्या वाटसरूला चुकवतो आणि खोल पाण्याकडे नेतो. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत मेली तर हडळ.

६/
ही यादी प्रथम वाचली तेव्हा मला ती भुतांची वाटली नाही. एखाद्या मृत्युनोंदवहीसारखी वाटली. वय, जात, लग्न झाले होते की नाही, मृत्यूचे कारण, मागे कोण राहिले, हे सारे रकाने तिच्यात आहेत. ब्राह्मण मेला तर एक भूत, इतर जातीचा मेला तर दुसरे. माणूस मेला तरी जात त्याला सोडत नाही. पुरुषांची भुते जात, विद्या, धन यांवरून वेगळी होतात. स्त्रियांची भुते बहुधा एकाच प्रश्नावरून वेगळी होतात : मरताना तिचा नवरा जिवंत होता का, आणि ती बाळंतीण होती का? गावाला ज्या मृत्यूंचा हिशेब लावता आला नाही, त्यांची नावे या यादीत आहेत.

७/
‘लावसट’ या शब्दाजवळ जरा थांबू. आंजर्ल्याची खाडी ओलांडली की हर्णै, आणि त्यापुढे मुरूड. धोंडो केशव कर्वे यांचे हे गाव. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पुण्यात गोदूबाई या बालविधवेशी विवाह केला. त्या देवरुखच्या; पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. विवाहानंतर हे दांपत्य मुरूडला आले, तेव्हा गावाने कर्व्यांवर बहिष्कार घातला. आईला आपल्या मुलाला घरात घेणे कठीण झाले. कर्व्यांनी हे सारे ‘आत्मवृत्त’ या पुस्तकात शांतपणे नोंदवले आहे. ‘आत्मवृत्त’चे प्रकाशनवर्ष १९१५. भुतांच्या ग्रंथाचेही तेच.

८/
एकाच वर्षी छापलेली ही दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत. एकात विधवा मेल्यावर कोणते भूत होते ते लिहिले आहे. दुसऱ्यात विधवेने जिवंतपणी पुन्हा संसार मांडला तर गाव काय करतो ते लिहिले आहे. दोन्ही एकाच किनाऱ्याच्या गोष्टी. ‘शारदा’ नाटकातील लग्न मोडले नसते तर त्या मुलीच्या वाट्याला पुढे काय आले असते, याचेही उत्तर या दोन पुस्तकांच्या मध्ये कोठेतरी आहे. गोदूबाईंनी, म्हणजे आनंदीबाई कर्व्यांनी, पुढे स्वतःचे आत्मचरित्र लिहिले आणि त्याला नाव दिले ‘माझे पुराण’. ज्या विधवेला बोलता आले तिचे पुराण झाले. जिला बोलता आले नाही तिच्यापाशी तिन्हीसांजेला जायचे नाही, असे मुलांना सांगण्यात आले.

९/
याच किनाऱ्यावरून निघून थेट लंडनला पोहोचणारी एका विधवेची स्मृतीही आहे. २ एप्रिल १७५५ रोजी कमोडोर विल्यम जेम्स याने तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग जिंकला. तेव्हा इंग्रज आणि नानासाहेब पेशवे आंग्र्यांविरुद्ध एकत्र आले होते. तोफांच्या माऱ्यात किल्ल्यातील दारूकोठाराचा स्फोट झाला होता. जेम्स पुढे इंग्लंडला परतला आणि १७८३ साली वारला. त्याच्या पत्नीने १७८४ साली लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ एक त्रिकोणी मनोरा बांधवला. तो आजही उभा आहे आणि त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग’, म्हणजे ‘सुवर्णदुर्ग’चाच इंग्रजी उच्चार. श्रीमंत विधवेच्या हाती स्मारक उभारण्याचे सामर्थ्य होते. सुवर्णदुर्गावर त्या स्फोटात गेलेल्यांच्या बायकांनी काय उभारले असेल?

१०/
आता घरातील गोष्ट. आजोळच्या आगरात मागच्या गडग्याशी एक जुनी चिंच आहे. दिवेलागणीनंतर तिकडे फिरकायचे नाही, हा आम्हा मुलांना हुकूम. ‘तिथे हडळ आहे’ एवढेच कारण. एम. ए. ला असताना वरच्या यादीतील हडळीची व्याख्या माझ्या वाचनात आली आणि त्याच मे महिन्यात मी आजीला विचारले, “आजी, चिंचेखाली कोण गेली होती गं?” आजी तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “चिंचेखाली नाही कुणी गेली. बाळंतिणीच्या खोलीत गेली. तिथून नेली ती चिंचेच्या वाटेने.” मग काही वेळाने म्हणाली, “तुझ्या पणजोबांची पहिली बायको. सतरा-अठराची असेल. मूलही गेलं.”

११/
आजीला ही हकीकत तिच्या सासूबाईंनी, म्हणजे पणजोबांच्या दुसऱ्या पत्नीने, सांगितली होती. त्यांच्या गळ्यात अखेरपर्यंत सवतीचा टाक होता. पहिली पत्नी वारल्यावर दुसरीने तिच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा किंवा देवघरात पुजायचा, ही महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आढळणारी प्रथा. पहिलीने दुसरीला धरू नये, हा हेतू. आमचे सारे घराणे दुसऱ्या पत्नीपासून वाढले. पहिली वाचली असती तर आजोबा, आई, मी यांपैकी कोणीही नसते. छापील कुलवृत्तांतात तिच्यासाठी ‘प्रथम पत्नी’ एवढेच दोन शब्द आहेत. नाव नाही, माहेर नाही.

१२/
नाव शेवटी माळ्यावर सापडले. लग्नातील भांड्यांवर नाव घालण्याची आपली चाल सर्वांना ठाऊक आहेच. एका जुन्या पितळी पातेल्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी ‘सौ.’ लिहिले होते. त्यापुढे एका स्त्रीचे नाव आणि मग पणजोबांचे. दुसऱ्या पणजीचे नाव आजीला ठाऊक होते. हे ते नव्हते. ते नाव मी येथे लिहीत नाही, ते घरचे आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी एवढे लक्षात घ्यावे : जिचा उल्लेख कुलवृत्तांताने दोन शब्दांत उरकला आणि जिला आम्ही मुले ‘हडळ’ म्हणून ओळखत होतो, तिचा एकमेव लेखी पुरावा एका पातेल्यावर होता. त्या पातेल्यात आजोळी अजूनही श्रावणात खीर होते.

१३/
येथून मुलांच्या पुस्तकांकडे वळू. दहा-बारा वर्षांच्या मुलांना भीती आवडते, हे त्यांच्यासाठी लिहिणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. त्या भीतीचे करायचे काय, याची निरनिराळी उत्तरे मिळाली. पहिले उत्तर : भूत खोटे ठरवायचे. एनिड ब्लायटनच्या ‘फेमस फाइव्ह’ मालिकेतील १९४८ सालच्या ‘फाइव्ह गो ऑफ टू कॅम्प’मध्ये रात्री भुताची आगगाडी धावते; तपास केल्यावर ती काळाबाजारवाल्यांची निघते. आपल्याकडे भा. रा. भागवतांनी १९५१ मध्ये ‘बालमित्र’ मासिक सुरू केले, ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे घडवला. पुण्याच्या विद्याभवन शाळेतील हा चौकस मुलगा अंधाराला भिऊन परत फिरणारा नव्हता. मराठी मुलांच्या हातात त्याने जणू विजेरी दिली. हे ऋण मोठे आहे.

१४/
तरीही या उत्तरात काही उरते. माझी अकरा वर्षांची मावसबहीण अशाच धाटणीची एक कादंबरी संपवून माझ्याकडे आली. शेवटी भूत हे चोरांचे सोंग निघाले होते. तिने विचारले, “ताई, भूत चोरांनी केलं ते कळलं. पण चोर यायच्या आधीपासून गावातले लोक त्या वाड्याला घाबरत होते ना? ते कुणाला?” पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. चोर पकडले गेले, पोलीस आले, मुलांना बक्षीस मिळाले. वाड्यात पूर्वी कोण मेले होते, हे कोणी विचारलेच नाही. विजेरीच्या उजेडात चोर दिसतो. मेलेल्या माणसापर्यंत पोहोचायला मात्र जुने कागद वाचावे लागतात.

१५/
दुसरे उत्तर : भूताला हसवायचे. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकिणीने मराठी मुलांच्या कितीतरी पिढ्यांना घाबरवता घाबरवता हसवले. याच मतकऱ्यांनी मोठ्यांसाठी गूढकथाही लिहिल्या. तिसरे उत्तर : खरी भीती मोठ्यांसाठी राखून ठेवायची. नारायण धारप यांचे भयसाहित्य मुलांसाठी नव्हते. ते मुलांनी पांघरुणात लपवून वाचले, ही गोष्ट वेगळी. धारपांच्या ‘आजी’ या कथेवरून प्रेरणा घेऊन २०१८ साली ‘तुंबाड’ चित्रपट आला. त्याचे नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून (१९८७) आलेले, आणि पेंडसे जन्माने आंजर्ल्याशेजारच्या मुर्डीचे. म्हणजे अलीकडच्या या गाजलेल्या भयपटाच्या नावाचा धागाही याच परिसरात येऊन मिळतो.

१६/
पण मराठी मुलांच्या वाचनात एक चौथे उत्तर फार पूर्वीपासून आहे. १९५२ पासून निघू लागलेल्या मराठी ‘चांदोबा’त विक्रम आणि वेताळ यांच्या कथा येत. मध्यरात्रीचे स्मशान, खांद्यावर प्रेत, प्रेतात बोलणारा वेताळ! मुलांसाठी याहून भयंकर चित्र कोणते? तरी आपण सर्वांनी त्या वाचल्या आणि कोणाचे काही बिघडले नाही. कारण वेताळ ओरबाडत नाही, प्रश्न विचारतो. या गोष्टीत अन्याय कोणावर झाला? खरा दोषी कोण? उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर तुझ्या मस्तकाची शकले होतील. अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’पासून चालत आलेली ही रचना आहे. दक्षिण कोकणात आणि गोव्यात तर वेताळाची देवळे आहेत. आपल्या परंपरेतील भुतांचा राजा न्यायाचा प्रश्न विचारतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

१७/
बंगालकडेही पाहावे. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांची ‘गुपी गाइन’ ही कथा ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात आली तेही १९१५ मध्येच. त्यांचे नातू सत्यजित राय यांनी १९६९ साली तिच्यावर चित्रपट केला. त्यात भुतांचे एक दीर्घ नृत्य आहे. नाचणारी भुते चार गटांची : राजे, शेतकरी, गोरे साहेब आणि खाऊन-पिऊन सुस्त झालेले लठ्ठ लोक. मुले ते पाहून हसतात. पण पडद्यावर नाचत असतो बंगालचा इतिहास. राजा आणि रयत, गोरे आणि काळे, सारे एकाच रानात भुते होऊन भेटतात. कोकणची यादीही अशीच नाचवता येईल. तिच्यात गट चाराहून अधिक आहेत.

१८/
अलीकडचे एक उदाहरण आमच्या विषयाच्या फारच जवळ जाते. नील गेमन यांची ‘द ग्रेव्हयार्ड बुक’ (२००८) ही नेमकी या वयाच्या वाचकांसाठी लिहिलेली भुताची कादंबरी. दफनभूमीत एका पोरक्या मुलाला भुते वाढवतात. रोमन काळापासूनची, निरनिराळ्या शतकांतली भुते. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या ‘जंगल बुक’चा आराखडा तिच्यामागे आहे. त्या दफनभूमीच्या कडेला, पवित्र न मानलेल्या जमिनीत, चेटकीण ठरवून मारलेली एक मुलगी पुरलेली असते. तिच्या जागेवर नावाचा दगडही नसतो. मुलगा तिला दगड मिळवून देण्यासाठी जीव धोक्यात घालतो आणि अखेर एका काचेच्या पेपरवेटवर तिच्या नावाची आद्याक्षरे रंगवून ठेवतो. हे प्रकरण वाचताना मला आमचे पातेले आठवले.

१९/
येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. ज्या महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा आला, तेथे मुलांना भुते खरी असणारी कादंबरी द्यावी का? त्या कायद्याच्या अनुसूचीत पहिलीच नोंद भूत उतरवण्याची आहे : भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरखंडाने वा साखळीने बांधणे, काठीने मारणे, मिरचीची धुरी देणे. ज्यांना हे भोगावे लागते ती माणसे कादंबरीतील नसतात. आपल्या आसपासची असतात. म्हणून भुतांविषयी लिहिणाऱ्याने जबाबदारी टाळू नये, हे मला मान्य आहे.

२०/
पण या नोंदीत अत्याचार करतो तो मांत्रिक. त्याची पद्धत एकच : भूताला हाकला. कोण होतीस, का मेलीस, हे तो विचारतो ते केवळ दरडावण्यासाठी. माझ्या मनातील कादंबरीत मांत्रिकाला नायकपद नाही. त्याचा चाबूक मुलांनी हिसकावून घ्यावा. भूत गोष्टीत खुशाल असावे, मुलांची रात्रीची झोपही उडवावी. मात्र शेवटी ते ‘कोण’ होते हे कळले पाहिजे. अकरा वर्षांच्या वाचकाला गोष्टीतील भूत आणि अंगात आल्याचे सांगून लुबाडणारा माणूस यांतील फरक समजतो. तो त्याला समजत नाही, असे धरून चालणारी पुस्तके त्याला लवकरच कंटाळवाणी वाटू लागतात.

२१/
अशी कादंबरी आंजर्ल्यात कशी घडेल? गिऱ्ह्याचे उदाहरण घेऊ. बुडालेल्या माणसाचे प्रेत सापडले नाही की उत्तरक्रिया अडते आणि घरचे वाट पाहत राहतात. गिऱ्हा जन्मतो तो या वाट पाहण्यातून. कोकणचा आणि मुंबईचा संबंध दीर्घकाळ बोटींनीच होता. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट मुंबईहून रेवसला जाताना बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले होते. मोठ्या बातमीखाली ही लहान घरे झाकली गेली. खाडीतील गिऱ्हा जर एखाद्या मुलाला रोज रात्री एकच गोष्ट मागत असेल, ‘मी आलो नाही, हे घरी सांग,’ तर त्या मुलापुढे केवढे साहस उभे राहते!

२२/
मग त्या मुलाला काय काय करावे लागेल पाहा. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरमध्ये नाव शोधणे. घरच्या पेटीतील मोडी कागद कोणाकडून तरी वाचून घेणे किंवा स्वतः मोडी शिकणे. देवळातील देणगीच्या पाट्या आणि भांड्यांवरील नावे उतरवून घेणे. हर्णै बंदरातील वृद्ध खलाशांना विचारणे. रात्री समुद्रकाठी हलणारा दिवा पाहून आधी घाबरणे आणि मग तो ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखणाऱ्या माणसाचा आहे हे कळणे. कारण प्रत्येक दिवा भुताचा नसतो, हेही त्याने शिकले पाहिजे. इतिहासाचे संशोधन म्हणजे याहून वेगळे काय असते? फरक एवढाच की आम्हा विद्यार्थ्यांच्या मागे रात्री कोणी उभे राहून घाई करत नाही.

२३/
या धाग्याचे म्हणणे थोडक्यात असे. भूत खोटे ठरवणारी, भूताला हसवणारी आणि भूताने घाबरवणारी पुस्तके मुलांना मिळाली आणि ती मिळत राहावीत. त्यांच्या जोडीला भूताचे नाव शोधणारी पुस्तकेही हवीत. हडळ आणि लावसट ही पात्रे घेऊन जो लिहील त्याने त्यांना केवळ उलटी पावले आणि मोकळे केस देऊन सोडू नये. त्या आपल्याच घरातील मुली होत्या; काही तर आज वाचकाच्या मोठ्या बहिणीच्या वयाच्या असताना गेल्या.

२४/
धागा वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या गावी मुलांनी तिन्हीसांजेला जायचे नाही अशी एखादी जागा असेलच : विहीर, पिंपळ, पार, पडका वाडा. येत्या सुट्टीत घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारा की तेथे कोण गेले होते. उत्तर मिळाले तर तारीख घालून लिहून ठेवा. सांगणाऱ्याचे नावही लिहा. माळ्यावरील भांडी उलटी करून पाहा. माझ्या मावसबहिणीने हे काम सुरू केले आहे. या सुट्टीत तिने बारा भांड्यांवरील नावे वहीत उतरवली आणि त्यांतील तीन नावे घरात कोणालाच ओळखता आली नाहीत. ती तीन कोणाची, हे शोधायला ती दिवाळीत पुन्हा आंजर्ल्याला जाणार आहे.

धागा समाप्त.